मयताचा बर्फ

"बुधाजी, त्या दारावरून हात काढ," शामराव खालच्या आवाजात म्हणाले.

बुधाजीने हात काढला नाही. थंड खोलीच्या कडीत तार ओवलेली होती आणि तारेला चिंचोक्याएवढा शिशाचा शिक्का लोंबत होता. काल दुपारी कंपनीच्या साहेबाने तो त्याच्याच हातून घालून घेतला होता. शिसं मऊ, दोन बोटांनी पिळलं तर तार सुटावी. दाराआड एका अंगाला कोळंबीची खोकी, दुसऱ्या अंगाला बर्फाच्या चाळीस लाद्या भिंतीला टेकून उभ्या. त्याला हवी होती एक.

"वहिनी बोटीत आहे ओ, शामराव. संध्याकाळी भाऊच्या धक्क्याला उतरेल. पोरगा आजारी, एवढंच तारेत कळवलं होतं. पुढचं तिला ठाऊक नाही."

पुढचं म्हणजे, काल दिवेलागणीला वसंत गेला होता. बुधाजीच्या थोरल्या भावाच्या माघारी राहिलेला त्याचा एकुलता एक मुलगा, गिरणीत बदलीवर लागलेला, बावीस वर्षांचा. नऊ दिवसांच्या तापाने नेला. लालबागच्या चाळीत पत्र्याखालच्या खोलीत तो वैशाखाच्या उन्हात आईची वाट बघत पडला होता.

कारखान्याचे मॅनेजर शामराव गिरगावातले, सरळ माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला. "टाकीतल्या डब्यात नवी लादी उद्या सकाळशिवाय धरत नाही, हे मी तुला सांगायला नको. आणि हा शिक्का तुटलेला दिसला तर माल घेणार नाहीत. गेल्या दिवाळीतलं आठवतं ना? सव्वीस खोक्यांपायी सगळी खेप परत आली. शेडमधल्या सोलणाऱ्या बायका दीड महिना घरी बसल्या."

बुधाजीला आठवत होतं. पण त्याला त्याच्याही मागचं आठवत होतं.

हा कारखाना आधी नुसता बर्फाचा होता. जुन्या शेटजींचा एक कायदा तोंडीच चालत आलेला. मयताला बर्फ मागायला कोणी आलं तर वेळ विचारायची नाही, जात विचारायची नाही, द्यायचा. बावीस वर्षं तो बर्फ बुधाजीने पोचवला. भोईवाड्याला, नायगावला, लालबागच्या माळ्यामाळ्यावर. भुशात गुंडाळलेली लादी हातगाडीवर घालून तो निघाला की रस्ता आपोआप मोकळा व्हायचा. कोणाची आई कोकणातून निघालेली असे, कोणाचा भाऊ घाटावरून. तोवर बुधाजी मेलेल्याला धरून ठेवी, पाहुण्याला उंबऱ्यावर धरून ठेवावं तसा.

मग परदेशी कंपनी आली. कारखान्याची पाटी शेटजींचीच राहिली. पण यंत्रं कंपनीची, खोकी कंपनीची आणि माल घेणारी तीच एकटी, म्हणून शब्दही तिचाच. कोळंबी केवढी हवी, डोकं कुठे मोडायचं, बायकांनी केस कशात बांधायचे, सगळं तिकडून लिहून येई. पहिल्याच महिन्यात मयताचा बर्फ बंद झाला. ज्या दारातून खायचा माल जातो त्या दारातून मढ्याचं काही जाणार नाही, असं पत्र आलं होतं. शामरावांनी ते मराठीत करून वाचलं, तेव्हा बुधाजीने मान डोलावली होती. तेव्हा त्याच्या घरात कोणी मेलं नव्हतं.

"मी जेवायला जातो," शामराव म्हणाले. "अर्धा तास. नंतर विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही, बुधाजी. पण आत्ता मी जातो."

ते गेले. पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका कोळंबी सोलत होत्या. मघापर्यंत तिथून गुणगुण येत होती:

*कोळंबी सोलू बाई, बोटाला काटा बोचं,*
*सांगावा माहेराला, समिंदरापार कोण पोचं...*

आता ती थांबली. बायका हात पुसत दारापाशी आल्या. पुढे नायगावची कमल, नवरा क्षयाच्या इस्पितळात असलेली.

"तोडा, मामा," ती म्हणाली.

"तुझ्या घरात कमावतं कोण हाय?"

"ते माझं मी बघीन. माझी सासू गेली तवा भर पावसात लादी घिऊन कोण आलं हुतं? मी इसरले न्हाय."

"तोडा वो," मागून दुसरी म्हणाली. "दीड महिना बसलो, आनि थोडं बसू. तेवढीच बोटं बरी व्हतील."

एकदोघी हसल्या. सगळ्यांच्या मागे मालन उभी होती, आठव्या महिन्यातली. ती हसली नाही, तोडा म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. ती आपल्या सोललेल्या बोटांकडे बघत होती.

बुधाजीने तिच्याकडे पाहिलं. मग तार बोटांतून सोडून दिली.

"जावा, काम करा," तो म्हणाला.

चाळीत तो रिकाम्या हातांनी शिरला तेव्हा जिन्यात शेजारचा कुशाबा बसला होता. गेल्या मोर्चात लाठीने फुटलेलं कपाळ अजून पट्टीत. "काय रे बुधाजी," तो म्हणाला, "मुंबई आमची म्हणून आम्ही डोकी फोडून घेतो. आणि बर्फ कोणाचा रे?"

कुशाबाच मग उठला, टॉवेल कपाळावर ओढून उन्हात गेला आणि कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून कळशीभर बर्फाचा चुरा घेऊन आला. बर्फासाठी दादरपर्यंत गेलेले चाळीतले दोघे हात हलवत परतले. त्या मोसमात सगळ्या कारखान्यांचा बर्फ बंदराकडेच धावत होता. बाजारातल्या चंपा कोळणीला कळलं तेव्हा तिने आपली टोपली पापलेटांसकट खाली ओतली, खालचा बर्फ फडक्यात बांधला आणि स्वतः जिना चढून आली.

"मावऱ्याचा हाय, वास येल," ती दारातच म्हणाली.

"येऊ दे," बुधाजीची बायको कौसल्या म्हणाली.

तो बर्फ दोन वाजेपर्यंत पुरला. तीन वाजता धक्क्यावरून निरोप आला, बोट साडेसहाच्या आत लागत नाही. चाळीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कौसल्या वसंताच्या तोंडावरचं फडकं पुन्हापुन्हा ओलं करत होती. बुधाजीने तिच्या हातातून ते काढून घेतलं. चार वाजता वसंताला नेलं.

धक्क्यावर वहिनी, राधाबाई, बोटीच्या फळीवरून उतरली ती काखेत बोचकं धरून, माणसांच्या रेट्यात वाकडी होत. बुधाजी पुढे झाला. तिची नजर त्याच्या खांद्यावरच्या ओल्या पंच्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"न्हेलात?" तिने विचारलं.

"व्हय, वयनी."

"कधी?"

"चार वाजता."

तिने कलत्या उन्हाकडे पाहिलं. कोणीतरी धक्का देऊन गेलं तरी ती हलली नाही.

"तुमच्या कारखान्यात बरफ नव्हतो, भावजी?"

वाटभर बुधाजीने उत्तर घोळवलं होतं. यंत्र बिघडलंय. दोनच शब्द, जिभेवर तयार होते.

"होतो," तो म्हणाला.

राधाबाईने बोचकं या काखेतून त्या काखेत घेतलं. मग म्हणाली, "तोंड कसा होता?"

"दुपारपरयंत चांगला होता. निजल्यावारी. चंपा कोळणीन आपल्या टोपलेतलो बरफ दिल्यान, म्हणान."

"माका तिच्याकडे घेवन चला. मगे घराक."

लालबागचा बाजार उठत आला होता. चंपा फळी धुऊन निघायच्या बेतात होती. बुधाजीने सांगायच्या आधीच तिला कळलं, ही कोण. पदराला हात पुसत ती उभी राहिली. बसायला काहीच नव्हतं, म्हणून तिने टोपली उपडी करायला घेतली.

राधाबाईने तिचा हात धरला. मग ती खाली बसली आणि टोपलीच्या ओल्या तळावर तळवा ठेवून बसून राहिली.