शून्याच्या चौकटीवरचा अंगठा

दुसऱ्याच्या वेदनेचे मोजमाप करण्याचा अधिकार ज्याला लाभतो, त्याने प्रथम स्वतः निर्मळ राहिले पाहिजे. मला तो अधिकार लाभला. निर्मळ मात्र मी राहिले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी रंगपट्टी आहे. साबण आणि मलमे माणसाच्या त्वचेला कितपत झोंबतात हे जिथे पाहतात, त्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली. माझ्या अंगावर पाच चौकटी. पहिली शून्याची, लालीचा लवलेश नसलेली. पुढच्या चार चढत्या लालीच्या. साबणाच्या पाण्यात भिजवलेला बोळा दंडावर बांधून ठेवीत. तो सोडला, की तपासनीस बाई मला खिडकीच्या उजेडात त्या जागेशेजारी धरीत आणि त्वचेचा रंग कोणत्या चौकटीशी जुळतो ते पाहत. "आमची पट्टी कधी चुकत नाही," असे त्या आल्यागेल्याला सांगत, आणि मी फुलून जाई.

मला उचलताना बाईंचा अंगठा नेमका शून्यावर पडे. त्या अंगठ्याला 'निर्धोक' या शिक्क्याची तांबडी शाई लागलेली असे. वर्षानुवर्षे ती माझ्यात मुरली. मला ते कळत होते; पण मिळणारा मान सोडवत नव्हता.

एकदा कपडे धुण्याचा नवा साबण आला. धुलाईघरातल्या एक मावशी दंड पुढे करून बसल्या.

"बाई, आग होतेय हो."

"मावशी, पट्टी तर शून्य सांगतेय."

"तिला काय जातंय सांगायला! तिला कुठे कातडी आहे?"

दोघी हसल्या. शिक्का उमटला. तोच साबण मावशींच्या धुलाईघरात गेला.

महिन्याने मावशी आल्या. बोटांच्या बेचक्या चिरल्या होत्या, मूठ मिटत नव्हती. त्या रागावल्या नाहीत. "सांगितलं होतं ना मी?" एवढेच म्हणाल्या.

बाईंनी कपाटातून कोरी रंगपट्टी काढली आणि माझ्याशेजारी ठेवली. तिचे शून्य स्वच्छ होते, माझे गुलाबी. बाईंचा चेहरा उतरला.

"चुकलं माझं, मावशी. माफ करा."

"आधी तो साबण थांबवा. माफीचं मग बघू."

त्याच दुपारी साबण थांबला. आता मी खणात पडून असते. नवी पट्टी दोऱ्याने टांगलेली असते, आणि बाई तिला हात लावण्याआधी समोरच्याला विचारतात, "काय होतंय?" उत्तर आकड्याच्या आधी लिहितात.

मला वाचा नव्हती, ही सबब मी सांगणार नाही. मित्रांनो, आपल्या मापांना अधूनमधून पुसून पाहा; आणि कोणी 'आग होते' म्हणाले, तर आधी त्याचे ऐका.

मावशींच्या हातांची आग शमो. त्यांची मूठ पुन्हा सुखाने मिटो. बाईंच्या मनालाही शांती लाभो.