पाहणीपुरते आजारी

"माझ्या मायबहिणींनो, दवाखाना तुमच्या उंबऱ्यावर आणून ठेवीन!"

जीपवरच्या भोंग्यातला तो आवाज धाकटीनं बापाच्या खांद्यावर बसून ऐकला होता. आवाज कसला, मधाचं पोळंच. पुढे दवाखाना आला, पाटी आली, पाटीवर आवाजाच्या धन्याचं नाव आलं. डॉक्टर तेवढा वाटेतच राहिला. सिस्टर एकटी गाडा ओढत होती.

आज तो धनी मंत्री होऊन पाहणीला येणार होता. म्हणून भिंतींना रंग, खाटांना कोऱ्या चादरी आणि खऱ्या आजाऱ्यांना डच्चू. रिकाम्या खाटांवर धडधाकट माणसं निजवलेली.

धाकटी डबा घेऊन आली, तर थोरली जाऊ मागच्या व्हरांड्यात, फरशीवर. सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगलेली.

"अहो, तापानं फणफणलीय ही!"

"म्हणून तर हलवली," हेडक्लार्क म्हणाला. "असे चेहरे फोटोत बरे दिसतात का? तू गुटगुटीत आहेस, तिच्या खाटेवर पड. साहेबांनी विचारलं की 'बरं वाटतंय' म्हणायचं. नीट बोललीस तर संध्याकाळी तिला खाट परत. नाहीतर दोघी घरी."

थोरली कोरड्या ओठांनी हसली. "जा गं. मी आजारी पडून कुणी आलं नाही, तू पडून बघ."

धाकटी पडली. शेजारी दवाखान्याचाच शिपाई, पायाला पांढरंशुभ्र प्लॅस्टर.

"भाऊजी, पाय कधी मोडला?"

"सकाळी, ऑफिसात. हेडक्लार्कनंच मोडला, कागदावर."

मंत्री आले. मागे हार, कॅमेरे, आणि शहरातून दिवसभरापुरता उसना आणलेला एक डॉक्टर. खरा डॉक्टर! मोटारींबरोबर आला, मोटारींबरोबरच जाणार. त्यानं धाकटीची नाडी धरली, मान डोलावली.

"उत्तम! औषध लागू पडलंय."

मागून खोकल्याची उबळ आली. लांबलचक, घरघरती. हेडक्लार्कनं हळूच दार लोटलं. खोकला दाराआड गेला आणि मंत्र्यांचं हसू पुढं आलं.

"काय ताई, बरं वाटतंय ना?"

हेडक्लार्कनं डोळे वटारले. धाकटी उठून बसली. नाडी बघणाऱ्या डॉक्टरचा हात तिनं घट्ट धरला.

"मला काय धाड भरलीय, साहेब? आजारी माझी जाऊ आहे. त्या दाराआड फरशीवर टाकलीय तिला. या डॉक्टरांना आधी तिकडं न्या."