एकट्या माणसाचा पट्टा

"अजून एक टाक," स्वेनुंग म्हणाला.

मी बादलीत अजून एक बटाटा टाकला. बादली तुळईला टांगलेली, आणि तुळई नि बादलीच्या मध्ये बुटाच्या नाडीएवढी एक बारीक दोरी. दोरी कुरकुरली. मी मुद्दाम मोठा बटाटा शोधून टाकला. तशी ती तुटलीच. बादली धाडकन खाली, आणि हेग्दालच्या सहकारी दुकानाच्या तळघरात जिकडे तिकडे बटाटे.

"झकास," तो खूश होऊन म्हणाला. "ही दोरी तुझी."

"अरे तुटली की ती!"

"म्हणूनच तुझी."

हा स्वेनुंग आमच्या गावचा स्की दुरुस्त करणारा. उभा जन्म त्या तळघरात गेला, वर दोन खोल्यांत राहायचं नि खाली काम करायचं. लग्न का नाही केलंस विचारलं तर म्हणतो, राहून गेलं. जसं काही दुकानातून मीठ आणायचं राहून गेलं! कंबरेत पोलादी खुबा बसवल्यापासून स्वतः स्कीवर उभा राहिलेला नाही, पण गावातल्या सगळ्या स्कींचे पट्टे त्याच्याच हातचे.

आमच्या स्कीला पट्टा लागतोच. हिची टाच मोकळी असते, वळताना एक गुडघा खाली घालायचा, आणि हिला ब्रेक नाही. पायातून निसटली की गेली. म्हणून पट्ट्याचं एक टोक स्कीला, दुसरं बुटाला. सुटलेल्या स्कीचं काय होतं ते मला विचारा. माझ्या लहानपणी वरच्या वाडीतल्या एकाची स्की सुटली ती तळं ओलांडून थेट चर्चात घुसली, ऐन लग्नात. नवरदेवानं बघितलं, तिच्यावर पाय ठेवला नि मागच्या दारानं पसार. स्की सापडली. नवरदेव अजून सापडायचाय. स्वेनुंग म्हणतो, खोटं आहे. त्याला काय कळणार, तो तेव्हा पाळण्यात होता.

तर माझे जुने पट्टे चामड्याचे होते. आर्नफिननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्वतः शिवलेले. या हिवाळ्यात त्यातला एक हातात घेतला नि पावासारखा तुटला.

"बरं झालं तुटला," स्वेनुंग बटाटे गोळा करत म्हणाला. "चांगला होता तेव्हा यानं बैल धरून ठेवला असता."

"मग वाईट काय त्यात?"

"बर्फाचा लोट आला की पायातली स्की नांगर होते, योरून. माणसाला खाली खाली ओढत नेते. पट्ट्यात एक तुकडा कच्चा हवा. साधी पडलीस तर टिकला पाहिजे, डोंगरानं ओढलं तर तुटला पाहिजे. आता सांग, जायचंय कुठे?"

"स्कार्वेनुट डोंगराच्या पलीकडे. आमच्या झोपडीवर. ईस्टरला."

तो थांबला. हातात एक बटाटा तसाच.

"सोबत कोण?"

हा प्रश्न तो सगळ्यांना विचारतो. आणि मी त्यालाच टरकून होते.

कारण सोबत कुणी नव्हतं. आर्नफिन गेल्यापासून झोपडीवर पाऊल टाकलं नव्हतं मी. पूर्वी ईस्टरला आम्ही दोघं तिथे उन्हाच्या भिंतीला पाठ लावून बसायचो, संत्रं सोलायचो, आणि तो गप्प बसायचा. इतकं छान गप्प बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला एकदा, एकदाच, त्या भिंतीशी बसायचं होतं. पण माझा मुलगा क्येटिल, तिकडे स्टावांगरला असतो, त्यानं फोनवर बजावलेलं, "आई, एकटी डोंगरावर गेलीस ना, तर मी ऐकायचो नाही. गाडी घेऊन येईन नि तुला इकडे आणीन. कायमची." खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती त्यानं. पिवळी. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते म्हणाला, जशी काही ती मोठी मौज.

"बोल की," स्वेनुंग म्हणाला. "दोघं असाल तर सोपं आहे. कच्ची दोरी घ्यायची. उगीचच तुटली, स्की पळाली, तर दुसरा आणून देतो. लोट आला नि तुटली, तर तू वरच राहतेस, दुसरा खणून काढतो."

"आणि एकटं असलं तर?"

"एकटं?" त्यानं बटाटा बादलीत ठेवला. "कच्ची घेतली नि स्की पळाली, तर कंबरभर बर्फातून घरी कशी येशील? पक्की घेतली नि लोट आला, तर खणणार कोण? एकट्या माणसाचा पट्टा मला अजून जमलेला नाही. एकट्याला मी विकत नाही."

"आहे की एक जण सोबत," मी म्हटलं.

"कोण?"

आता नाव कुठून आणायचं? जीभ माझी, तिला कधी अडलंय! "गुट्टोर्म," म्हटलं.

"कुठला हा?"

"खालच्या खोऱ्यातला. विधुर आहे बिचारा. मान अशी जाड, पांढरी दाढी, चढणीला कधी दमत नाही. जरा हट्टी आहे, पण समोर ठेवशील ते खातो."

"वजन?"

"भरपूर."

स्वेनुंगनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. "त्याचे बूट घेऊन ये," म्हणाला. "बुटाशिवाय लांबी कशी ठरवू?"

दुसऱ्या दिवशी मी आर्नफिनचे बूट पुसून घेऊन गेले. स्वेनुंगनं ते मांडीवर घेतले, तळ उलटा करून पाहिला, अंगठ्यानं शिवण दाबली.

"पाय मोठा आहे गड्याचा," एवढंच म्हणाला.

मग मला म्हणाला, "बूट चढव, स्कीवर उभी राहा नि गुडघा टेक."

"या वयात? आणि टेकायचाच तर तू टेक की! मागणी पुरुषानं घालायची असते."

"पट्टा मोजतोय बाई, मागणी कसली! खाली हो. टाच उचल. अजून. बघ, आता इथे ताण येतोय. आखूड झाला. वळायला वाकलीस की दर वेळी कच्ची दोरी ताणली जाणार, आणि नको तिथे तुटणार."

त्यानं दोन बोटं सैल सोडली. जास्त लांबही नको म्हणाला, नाहीतर पडल्यावर स्की गोल फिरते नि कडेनं डोकं फोडते. मग पट्ट्याचा आकडा बुटाच्या पुढच्या कडीत अडकवायला लावला, हातमोजा घालून. काढायला लावला. पुन्हा अडकवायला लावला.

"आधी आकडा, मग पाय. कायम. स्की पळते ती पायात घालतानाच पळते. आणि स्कार्वेनुटच्या आडव्या उतारावर, जिथे वर बर्फाचं छप्पर लोंबतं, तिथे आकडा काढायचा. काठ्यांचे फासही मनगटातून काढायचे. एकानं जायचं, दुसऱ्यानं थांबून बघत राहायचं. गुट्टोर्मला सांग."

"सांगते."

"नीट सांग. हट्टी आहे म्हणालीस."

पट्ट्यांच्या दोन जोड्या घेऊन मी घरी आले. क्येटिलला फोन करून सांगितलं, सोबत मिळाली. "कोण गं?" म्हणाला. मी गुट्टोर्म सांगितला, आणि या वेळी त्याला एक पेन्शनही दिली.

ईस्टरच्या शनिवारी पहाटेच निघाले. ऊन असं, की बर्फाकडे बघवत नव्हतं. पट्टे छान चालले. जंगल संपलं, चढ संपला, नि तो आडवा उतार आला. त्याच्या पलीकडच्या टोकाला, वळणावर, झोपडीचं धुराडं दिसत होतं. एवढंसं, काळं.

वर बर्फाचं छप्पर लोंबत होतं. मी काठ्यांचे फास काढले. खाली वाकले, एक आकडा काढला, दुसरा काढला. एक पाऊल पुढे टाकलं नि पायाखाली बर्फ गुरगुरला. मोठ्यानं नाही. भरल्या पोटी कुणी झोपेत कण्हावं ना, तसा. माझ्या स्कीपासून वरपर्यंत केसासारखी एक भेग गेली.

मी होते तिथेच उभी राहिले.

"गुट्टोर्म," मी म्हटलं, "तू थांब इथे, मी जाऊन येते."

मागे कुणीच नव्हतं. म्हणजे, ते मला माहीतच होतं. पण सगळा हिवाळा त्या माणसाला मी दाढी दिली, भूक दिली, पेन्शन दिली, आणि वळून पाहिलं तर बर्फात एकच माग. माझाच. सरळ, एकटा, खाली झाडांपर्यंत. तो बघून जितकं एकटं वाटलं, तितकं आर्नफिनला मातीत ठेवला तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान लोक होते, आलेल्यांना द्यायचा केक होता.

आकडे काढलेले असताना स्की निसटली तर मी चालत घरी पोचणार नव्हते. आकडे लावून पुढे गेले नि वरचं छप्पर आलं, तर कुणाला कळणारही नव्हतं कुठे खणायचं. स्वेनुंगचं गणित अगदी बरोबर होतं. धुराडं एवढं जवळ, की हाक मारली असती तर भिंतीनं ओ दिली असती.

खूप वेळ उभी होते. मग एकेक पाऊल मागे आले. खडकावर आल्यावर आकडे लावले. तिथेच पिशवीवर बसून संत्रं सोललं, नि अर्धं खाल्लं. अर्धं खाववलं नाही.

मंगळवारी दुकान उघडलं तशी तळघरात हजर झाले.

"काय मजा आली म्हणून सांगू!" मी सुरू केलं. "झोपडीचं दार बर्फानं गच्च. गुट्टोर्मनं डोकं लावून ढकललं, दार बिजागऱ्यांसकट आत! मग भिंतीशी बसलो. एवढा मोठा गरुड आला, त्यानं गुट्टोर्मच्या हातातलं तपकिरी चीज उचललं, तर या बहाद्दरानं गरुडाचा पाय धरला. बारा हात वर गेला होता, चीज घेऊनच खाली आला."

स्वेनुंग एका स्कीचं जुनं मेण खरवडत होता. खरवडतच राहिला.

"आणि उतारावर काय म्हणाला तो?"

"कुठल्या उतारावर?"

"तू संत्रं खाल्लंस तिथे."

मी बादलीतला एक बटाटा उचलला नि परत ठेवला.

"माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो तो उतार," तो म्हणाला. "दुर्बीण आहे माझ्याकडे."

"किती वेळ बघत होतास?"

"कॉफी दोनदा गार झाली." त्यानं मेणाचा भुगा फुंकला. "तू आकडे काढलेस तेव्हा तिसरी ओतायचं सुचलं नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"योरून, त्या बुटांना तळ मी लावलाय. आर्नफिन समोर बसला होता, इथेच, या खोक्यावर. आणि नाताळात तू मला खारवलेली तंगडी दिलीस. कापलेल्या बकऱ्यांची नावं कागदावर लिहून देतेस तू. 'गुट्टोर्म' लिहिलं होतं वर." तो पहिल्यांदा हसला. "चिवट होता."

"म्हातारा झाला होता बिचारा," मी म्हटलं. "मग विकलेस कशाला पट्टे? एकट्याला विकत नाहीस ना?"

"नसते विकले तर तू त्या सडक्या चामड्यावर गेली असतीस. मला यायचं होतं..." त्यानं खुब्यावर हात ठेवला.

तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. क्येटिल. त्याचा आवाज तळघरभर ऐकू येतो.

"आई, मी खालच्या खोऱ्यात चौकशी केली. गुट्टोर्म नावाचा कुणी विधुर तिथे नाहीये. खरं सांग, एकटी गेली होतीस? मी शुक्रवारी गाडी घेऊन येतोय, सांगून ठेवतो."

आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचेना. पिवळी खोली डोळ्यांसमोर आली, त्या लावलेल्या गाड्यांसकट.

स्वेनुंगनं हात पुढे केला. मी घाबरले, कारण हा माणूस खोटं बोलत नाही. त्याला ते येतच नाही. पण फोन दिला.

"मी स्वेनुंग बोलतोय, तळघरातला," तो म्हणाला. "हो. हो. ऐकतोय." मग बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, "हे बघ, शनिवारी ती जंगलाच्या वर आल्यापासून परत झाडांत शिरेपर्यंत माझी नजर होती तिच्यावर. एक क्षण हलली नाही. उतार वाईट होता. ती आपणहून मागे फिरली. तुझ्या वयाची पोरं फिरत नाहीत." पुन्हा ऐकलं. "पुढच्या वर्षीही असेन. हो. मी कुठे जातोय?"

फोन माझ्या हातात परत दिला नि तो स्कीकडे वळला. क्येटिल म्हणाला, "बरं." नुसतं बरं. शुक्रवारी गाडी आली नाही.

मी गुट्टोर्मचे पट्टे काउंटरवर ठेवले. म्हटलं, हे परत घे. त्यानं घेतले, आकडे तपासले, नि खिळ्याला टांगले.

मे महिन्यात बर्फ गेला. डोंगर ओल्या पोत्यासारखा तपकिरी दिसायला लागला. मी मेंढ्या सोडायला वरच्या रस्त्यानं निघाले. तिथून स्वेनुंगच्या स्वयंपाकघराची खिडकी अगदी समोर येते. त्याच्याकडे खुर्ची एकच. ती मी कायम टेबलाला लावलेली नि भिंतीकडे तोंड केलेली पाहिली होती, गेली कित्येक वर्षं. आता ती खिडकीशी होती, टेबलाकडे पाठ करून. तो खाली तळघरात असणार, या दिवसांत सायकलींचं काम असतं. डोंगरावर चिटपाखरू नव्हतं, नोव्हेंबरपर्यंत असणारही नव्हतं. खुर्ची तिकडेच बघत होती.

मी थोडा वेळ रस्त्यावर उभी राहिले, खुर्चीतून दिसेल अशा जागी. मेंढ्या पुढे निघून गेल्या.