हनुवटी जरा वर

"खिडकीकडे पाठ नको, खुर्ची आडवी लाव," मी फोनमध्ये ओरडलो. "उजेड एका गालावर येऊ दे."

"दादा, ओरडू नकोस. ऐकू येतंय," धाकटा म्हणाला.

त्याचा फोन टेबलावर बरणीला टेकवून उभा केला होता, त्यात मी. फोटो काढायला त्याच्या हातात बायकोचा फोन. समोर खुर्चीत आई. मी दुसऱ्या गावात, कुलूपबंद स्टुडिओच्या मागच्या खोलीत. टाळेबंदीत रस्ते बंद, गाड्या बंद. आईचे फार दिवस उरले नाहीत, असं डॉक्टरांनी धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईला ते कधीच कळलं होतं. आमच्या घरात लपवायची गोष्ट आधी तिलाच कळते.

जन्मभर तिनं मला तिचा फोटो काढू दिला नाही. "माझं मेलीचं काय बघायचंय?" म्हणून उडवून लावायची. आता तिनंच फर्मान सोडलं होतं. बाबांचा भिंतीवरचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला, कानाशी शिक्क्याची निळी कड. "घरात फोटोग्राफर असून माझी तशी गत करू नका," ती म्हणाली होती.

मी खिडकीच्या उलट बाजूला रिकाम्या खुर्चीवर पांढरी चादर टाकायला लावली, म्हणजे सावलीतला गाल उजळतो. मला रडू यायला हवं होतं, पण आतून सगळं बधिर झालं होतं. आई दिसतच नव्हती, तिच्या डोळ्यांखालची सावली तेवढी दिसत होती.

"हनुवटी जरा वर घ्या," मी म्हणालो.

"घेतली हो, फोटोवाले," आई म्हणाली. धाकटा फिस्सकन हसला.

पण हनुवटी वर राहीना. स्टुडिओत अशा वेळी मी दोन बोटांनी ती अलगद उचलतो. निम्म्या गावाच्या हनुवट्या माझ्या बोटांना ओळखीच्या आहेत.

"तू उचल," मी धाकट्याला सांगितलं. "मग हात काढ आणि लगेच बटण दाब."

त्यानं उचलली. आईला रोज भरवणारा, तिचं तोंड पुसणारा हात तो, त्याला काही शिकवावं लागलं नाही. पण हात काढला की मान खाली. असं बऱ्याचदा झालं. आई दमली.

"हा लहानपणापासून असाच," ती धाकट्याला म्हणाली. "मनासारखं होईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही."

हात तसाच ठेवून त्यानं बटण दाबलं.

"अरे, बोटं आली असतील!"

"येऊ दे. तू नंतर पुसून काढशील ना?"

"काढीन," मी म्हणालो. ते माझं रोजचंच काम.

पुढच्या आठवड्यात आई गेली. मी ते फोनवरच पाहिलं. खोलीत उजेड कमी आहे, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

नंतर मी संगणकावर फोटो उघडले. बाकी सगळ्यांत मान खाली. एकातच ती धाकट्याकडे बघत होती, हसायच्या बेतात. हनुवटीखाली त्याची दोन बोटं, अंगठ्यावर औषधाचा डाग. मी डाग पुसला. मग बोटं पुसायला घेतली आणि थांबलो. बोटं गेली तर मान खाली येईल, असं वाटलं.

धाकट्याचा फोन आला. "दादा, बोटं गेली का रे?"

"नाही. राहू दे."

"भिंतीवर माझी बोटं कशाला?"

"तू धरलंयस तिला," मी म्हणालो.

तो रडायला लागला. मी फोन कानाला लावून नुसता ऐकत बसलो.