तेवढी लिपस्टिक पुसून घ्या

लिपस्टिकच्या नळीत लिपस्टिक अशी उरलीच नव्हती. तळाला चिकटून बसलेला रंग तिने काडेपेटीतल्या काडीने खरवडून काढला, बोटावर घेतला आणि ओठांना लावला. बोटावर राहिला तो वाया कशाला घालवायचा म्हणून गालांना चोळला. पाच महिन्यांच्या बाळाच्या आईला नटायचं तर एका हाताने नटावं लागतं, दुसरा हात बाळाचा असतो. आज सासूबाईंनी तो दुसरा हातही मोकळा करून दिला होता, पण किती वेळ, याचा काही भरवसा नव्हता.

“आटप गं बाई,” बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. “फोटो ठोंब्याचा आहे की तुझा?”

“त्याचाच आहे, आई.”

“मग आरशाला सोड की जरा. दमला असेल बिचारा.”

ठोंब्या म्हणजे बाळ. जन्मला तोच असा गुटगुटीत, की बापाने फोनवर पाहिलं आणि तिथल्या तिथे नाव ठेवून टाकलं. बाप परदेशात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीला होता. तिला सातवा महिना लागला तेव्हा गेला, तो अजून परतला नव्हता. सुट्टी मिळायची आणखी वर्षभर तरी चिन्हं नव्हती. बाळाचा पासपोर्ट झाला तर मायलेकरांना काही दिवस तिकडे बोलावता आलं असतं. त्या पासपोर्टच्या फोटोसाठी आज निघायचं होतं.

तो रोज दुपारी कामातून मोकळा झाला की फोन करायचा. तोंड दिसेल असा फोन. ती कॅमेरा ठोंब्याकडे वळवायची आणि स्वतः फोनच्या मागे राहायची.

“तूही दिस की जरा,” तो म्हणायचा.

“मी पारोशी आहे. तू बाळ बघ.”

निम्म्या वेळा ते खरं असायचं. उरलेल्या निम्म्या वेळा अंघोळ झालेली असायची, पण केस मूठमूठ गळत होते, डोळ्यांखाली काळं धरलं होतं आणि अंगावरच्या कपड्याला दुधाचा वास मारायचा. हे तोंड त्याला दाखवायचं तिच्या जिवावर यायचं. पाच महिन्यांत त्याने तिचं काय पाहिलं होतं, तर हात. कधीमधी कोपर. आणि ती मात्र रोज त्याच्याकडे पोटभर बघून घ्यायची, चोरून बघावं तशी. त्याने आपल्याकडे पूर्वीसारखं बघावं, एकदाच, असं तिला इतकं वाटायचं, की फोन ठेवल्यावरही ती काळ्या पडद्याकडे बघत बसायची.

म्हणून तिने बेत केला होता. आधी बाळाचा फोटो, मग लगेच एक दोघांचा. चांगला, दिव्यांच्या उजेडातला. तो त्याला पाठवायचा.

बेताची तयारी आठवडाभर चालली होती, आणि तीही फुकटात. लग्नाआधीचा निळा कुर्ता तिने काखेखाली उसवला आणि आतली दाबलेली बोटभर शिवण सोडवून पुन्हा शिवला. इस्त्री बिघडली होती, तेव्हा कुर्ता दोन दिवस गादीखाली घातला आणि त्यावर ठोंब्याला लोळू दिलं, वजन तरी कामी आलं. शेजारच्या शिंपीणबाईंनी शिवायच्याच दोऱ्याने भुवया कोरून दिल्या. विरळ झालेली जागा झाकावी म्हणून तिने भांग दुसऱ्या बाजूला पाडला. कानातल्यांनी मात्र रडवलं. ठोंब्या ओढतो म्हणून ती काढून ठेवली होती, तर कानांची भोकं बुजत आलेली. दात ओठांवर दाबून तिने ती आत घातली. मग आरशात पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी ओळखीचं कुणीतरी भेटावं तसं तिला झालं.

“हं,” सासूबाई तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाल्या. “दिसतेस बरी. जा आता, हा ओकायच्या आत.”

स्टुडिओ तिला नवा नव्हता. सहा वर्षं तिने तिथे काम केलं होतं. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, कॉलर सरळ करायची, दोरीने बांधलेला कंगवा हातात द्यायचा आणि शेवटी म्हणायचं, “हनुवटी खाली.” माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की हनुवटी वर काढतोच. ती दिवसाला पन्नास वेळा हे म्हणायची, म्हणून स्टुडिओचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, तिला हनुवटीबाई म्हणायला लागले. नवरा तिला तिथेच भेटला. पासपोर्टच्या फोटोला आला होता. तिने “हनुवटी खाली” म्हटलं आणि हा पठ्ठ्या मुद्दाम वर करत राहिला, तीनदा. चौथ्यांदा तिने बोटाने खाली केली.

“अरे, हनुवटीबाई!” मास्तर खूश झाले. “आणि हे केवढं धूड!”

तिच्या जागेवर आता एक चष्मेवाल्या बाई होत्या. कामाला चटपटीत दिसत होत्या. त्यांनी फॉर्म बघितला, बाळ बघितलं, आणि कपाटातून पांढरं कापड काढलं.

ते बघितलं आणि तिचा हात आपोआप भांगाकडे गेला.

बसता न येणाऱ्या बाळाचा पासपोर्टचा फोटो काढायचा, तर आईने स्टुलावर बसायचं, बाळाला मांडीवर धरायचं आणि आईवर डोक्यापासून पांढरं कापड टाकायचं. फोटोत बाळ येतं, मागे नुसतं पांढरं. आई दिसता कामा नये, असा नियमच आहे. हे तिला माहीत नव्हतं का? सहा वर्षं ते कापड तिनेच टाकलं होतं. तिनेच धुतलं होतं. सकाळपासून आरशासमोर उभं राहताना एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही, कारण त्या कापडाच्या आतल्या बाजूला ती कधी बसलीच नव्हती.

“ताई,” चष्मेवाल्या बाई नम्रपणे म्हणाल्या, “तेवढी लिपस्टिक पुसून घ्या. कापडाला लागते, मग निघत नाही.”

शब्द न शब्द तिचेच. सूरही तिचाच. किती आयांना तिने हे ऐकवलं होतं! आणि संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला हसत हसत सांगितलं होतं, “दिसायचं नाही, काही नाही, तरी नटून येतात रे बायका. कुणासाठी, देव जाणे!”

तिने रुमालाने ओठ पुसले. पुन्हा पुसले. मग ठोंब्याला मांडीवर घेऊन बसली आणि अंगावर कापड पडलं.

आत उकडत होतं, साबणाचा वास येत होता. बाहेर मास्तर खुळखुळा वाजवत होते, चष्मेवाल्या बाई मांजराचा आवाज काढत होत्या. ठोंब्याला त्याचं काय! तो मान मागे टाकून आईला शोधत होता. आई मागेच होती, पण दिसत नव्हती. त्याने भोकाड पसरलं. आतून तिने त्याच्या पाठीवर हळूच गाल टेकवला तेव्हा तो गप्प झाला आणि समोर बघायला लागला. तेवढ्यात मास्तरांनी काम साधलं.

कापड काढलं तेव्हा भांग विस्कटला होता, काजळ गालावर आलं होतं, आणि उचलून घेताच ठोंब्याने निळ्या कुर्त्याच्या खांद्यावर दुधाची गुळणी टाकली.

“तुमचा दोघांचा काढू का एक?” मास्तरांनी आपण होऊन विचारलं. “आपल्या घरचंच आहे.”

हेच तर मागायला ती आली होती. तिने भिंतीवरच्या आरशात पाहिलं. सकाळी भेटलेली ओळखीची बाई निघून गेली होती.

“नको, मास्तर,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी काढू.”

रस्ताभर तिला रडू येत होतं आणि ठोंब्या तिच्या कानातल्याशी खेळत होता. मास्तरांनी फोटो तिच्या फोनवर पाठवला होता. दारातच तिने तो पुढे पाठवून दिला आणि ठोंब्याला गादीवर निजवलं. थोड्या वेळाने नवऱ्याचा फोन आला. तिने नेहमीसारखा कॅमेरा बाळाकडे धरला.

“काय ऐटीत बसलाय गं!” तो म्हणाला. “आणि मागची भिंत काय पांढरीशुभ्र. नवा रंग दिला का मास्तरांनी?”

“ती भिंत नाहीये.”

“मग?”

“मी आहे.”

पडद्यावरचं त्याचं चित्र गोठलं. तिला वाटलं फोन कट झाला. पण नव्हता झाला, तो फोटो मोठा करून बघत होता.

“ठोंब्याच्या कानाच्या वर कापडाला एक सुरकुती आहे,” तो सावकाश म्हणाला. “हा तुझा खांदा का?”

“असेल.”

“आणि इथे, ठोंब्याच्या पाठीशी, कापड जरा पुढे आलंय.”

“गाल आहे माझा. तो रडत होता ना.”

“तू नटून गेली होतीस?” त्याने विचारलं. ती ठोंब्याचं झबलं सारखं करत राहिली. “मला तू हसून सांगायचीस ना, बायका नटून येतात म्हणून.”

“हसायचे. चुकलं माझं.”

“मला दिस गं,” तो म्हणाला. “पारोशी असलीस तरी दिस.”

“आज पारोशी नाहीये मी,” ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. तिने कॅमेरा स्वतःकडे वळवला. पुसलेले ओठ, पसरलेलं काजळ, खांद्यावर दुधाचा डाग. भुवया तेवढ्या जागच्या जागी होत्या.

त्याने तिला पोटभर बघून घेतलं. मग घाईघाईने त्याने डोक्यावरची स्वयंपाक्याची टोपी काढली आणि तळहाताने केस बसवले. पहिल्या भेटीत त्या स्टुलावर बसण्याआधी बसवले होते, अगदी तसेच. आणि मुद्दाम हनुवटी वर केली.

“हनुवटी खाली,” ती म्हणाली, आणि बोट पडद्याला लावलं.

त्याने केली खाली, पण ती काही केल्या स्थिर राहीना.