छिंगतावकर

ही गोष्ट मोबाइलला बटणं होती तेव्हाची. फोन तोंडापुढे धरला की तो पोपटासारखं भाषांतर करून देतो, ही सोय तेव्हा नव्हती. समोरच्याची भाषा येत नसेल तर हातवारे करायचे, आणि ते संपले की कपाळाला हात लावायचा.

हाडांच्या वॉर्डात खिडकीलगतच्या खाटेवर एक खलाशी आणून ठेवला होता. मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममधला माणूस, पन्नाशीच्या आसपासचा, मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झालं, हाडात रॉड बसला. जहाज काही त्याच्यासाठी थांबलं नाही. जहाज कंपनीचा एजंट कागदांवर सह्या ठोकून, "दुभाषी मिळाला की घेऊन येतो," असं सांगून जो गेला तो गेलाच.

आता या माणसाला चालवायचं होतं फिजिओताईंनी. वॉर्डात त्यांना सगळे याच नावानं हाक मारत. पेशंटच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, "दाबा, दाबा, अजून दाबा" म्हणायचं, मग पाय खाली सोडून बसवायचं, मग वॉकर धरून उभं करायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण या कामात हाताइतकीच जीभ लागते. घाबरलेल्या माणसाला गोड बोलून, दटावून, कधी थापा मारून उभं करावं लागतं. आणि इथे ताई काहीही बोलल्या तरी खलाशी नम्रपणे हसायचा आणि पाय जिथल्या तिथे ठेवायचा.

केस पेपरवर त्याचं नाव तीन तुकड्यांत लिहिलेलं होतं. त्यातलं स्वतःचं कुठलं आणि आडनाव कुठलं, कोणालाच ठरवता येईना. मग सिस्टरांनी युक्ती काढली. त्याच्या कॅनव्हासच्या पिशवीवर दोन चिनी अक्षरं छापलेली होती. त्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"छिंगताव," तो म्हणाला.

"झालं! छिंगताव नाव आहे त्यांचं," सिस्टर म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून वॉर्डात त्याचे छिंगतावराव झाले. "छिंगतावराव, गोळी घ्या." "छिंगतावराव, पाय झाकून घ्या." तो दर वेळी आनंदानं मान डोलवायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. एवढ्याशा हाकेनं हा माणूस इतका का खुलतो, ते ताईंना कळेना.

मग त्यांनी ठरवलं की आपणच चार शब्द शिकायचे. त्यांनी 'छिंग' या अक्षरावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. खलाशी उत्साहानं सरसावला. त्यानं दोन खाटांमधला हिरवा पडदा दाखवला. "छिंग."

"हिरवा," ताई म्हणाल्या. सोपं होतं.

मग त्यानं खिडकीतून वर बोट केलं. वर निव्वळ आकाश. "छिंग."

"निळा?" ताई जरा अडखळल्या.

त्यावर त्यानं अदबीनं, हात न लावता, ताईंच्या वेणीकडे बोट दाखवलं. "छिंग."

ताईंची वेणी काळीभोर होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, वेणी पुढे घेऊन तीही पाहिली. पलीकडे फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, ह्यांना रंग दिसत नसावेत. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा की."

दुसऱ्या अक्षराची तऱ्हा वेगळीच. 'ताव' म्हणजे काय, हे सांगायला त्यानं केस पेपरच्या मागे एक डोंगर काढला आणि त्यावर बसलेला पक्षी. मग डोंगराभोवती लाटा.

त्या संध्याकाळी ताईंनी तो कागद सासऱ्यांपुढे ठेवला. सासरे भूगोलाचे निवृत्त मास्तर. घरात टीव्हीपेक्षा नकाशांच्या वह्यांना मान जास्त.

"बाबा, हिरवा, निळा, काळा, तिन्हींना एकच शब्द. आणि डोंगरावर पक्षी. हे नाव आहे की कोडं?"

बाबांनी चष्मा पुसला. "अगं, चहूकडे पाणी आणि मध्ये डोंगर म्हणजे बेट. पक्षी दमून बसतो ते." त्यांनी मोठी नकाशावही काढली, समुद्राच्या कडेनं बोट फिरवत नेलं आणि एका ठिपक्यावर थांबवलं. "हे बघ. छिंगताव. हिरवं बेट. शहर आहे ते! बंदर आहे!"

"अगंबाई! म्हणजे आम्ही आठवडाभर त्या माणसाला त्याच्या गावाच्या नावानं हाका मारतोय?"

"मग काय बिघडलं? आपली निम्मी आडनावं गावांवरूनच पडलीत. राव काढा आणि कर लावा. छिंगतावकर म्हणा."

"आणि हा ताव?"

"त्याचं काय घेऊन बसलीस? आपल्याकडे काय ताव कमी आहेत? कागदाचा ताव, जेवणावर मारायचा ताव, मिशीला द्यायचा ताव, आणि तुझ्या सासूबाई माझ्याशी तावातावानं बोलायच्या तो ताव. परक्या माणसाला विचार, तोही असाच चक्रावेल."

छिंगतावकर हे नाव वॉर्डाला फार आवडलं. पण कोडी सुटायच्या ऐवजी वाढत चालली. एके सकाळी छिंगतावकरांनी शेजारच्या खाटेला टांगलेली सलाईनची पिशवी बघितली आणि ते खुदकन हसले. पिशवीकडे बोट, मग तोंडाशी नळी धरल्यासारखी खूण, मग घटाघट प्यायल्याचा आविर्भाव, आणि शेवटी तृप्तीचा मोठा सुस्कारा. सिस्टरांनी पाणी दिलं. त्यांनी मान हलवली. सरबत दिलं. पुन्हा नाही. पुन्हा तीच पिशवी, तोच घटघटाट.

"ह्यांना सलाईन प्यायचंय?" सिस्टर हबकल्या. मोठे डॉक्टर आले, गंभीर चेहऱ्यानं बघून गेले आणि रक्तातलं मीठ तपासायला सांगून गेले. मीठ अगदी जिथल्या तिथे निघालं.

खरी पंचाईत झाली ती चित्रामुळे. छिंगतावकरांचा हात चांगला होता. ताईंनी त्यांना कागदाचे ताव आणि पेन्सिल आणून दिली, तेव्हा त्यांनी मन लावून समुद्रकिनारा काढला. लाल छपरांची घरं, पाण्यात घुसलेला लांब धक्का, आणि पुढे कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली चार-पाच माणसं. या माणसांची डोकी आणि तोंडं मानेपर्यंत कापडानं झाकलेली होती. फक्त डोळे, नाक आणि तोंडाला भोकं.

ताईंनी कागद जवळ ओढला. "हे कोण?"

छिंगतावकरांनी मधल्या बुरखाधाऱ्यावर बोट टेकवलं. त्यांचे डोळे एकदम भरून आले. "मामा," ते म्हणाले. "मामा!"

ताईंनी तो कागद सिस्टरांना दाखवला, सिस्टरांनी सुरक्षा सुपरवायझरला. सुपरवायझर पूर्वी बंदरावर नोकरीला होते आणि समुद्रातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती. चित्र बघून त्यांनी जाणत्यासारखी मान हलवली.

"हे चाचे आहेत, सिस्टर. जहाजावर दरोडा पडलाय. तोंडं बांधून आलेत. हाड काय उगाच मोडलं का? आणि हे रडून 'मामा, मामा' म्हणतायत, ते का? पोलिसांना बोलवा म्हणतायत बिचारे!"

"त्यांना काय माहीत आपण पोलिसांना मामा म्हणतो ते?" ताई म्हणाल्या.

"बंदरोबंदर फिरलेला माणूस. हा शब्द सगळीकडे पोचतो."

ताईंना ते पटलं नाही, पण खोडून काढायला हातात काही नव्हतं. दुपारी हवालदार आले, वही उघडून बसले. कुठे घडलं, कसं घडलं, हे त्यांनी खुणांनी विचारलं. गणवेश बघून छिंगतावकर पांढरेफटक पडले होते. त्यांनी मोडलेल्या मांडीवर हात ठेवला, एकदा वर बघितलं, एकदा खाली. "श्वायताव," ते म्हणाले. "श्वायताव."

हवालदारांनी लिहून घेतलं: ठिकाण, श्वायताव. मग वही मिटून म्हणाले, "हे कुठे येतं ते वरचे साहेब बघतील."

घरी बाबांनी सगळ्या नकाशावह्या उतरवल्या. भिंग घेतलं. "छिंगताव बेट, तर श्वायतावही बेटच असणार," ते पुटपुटत होते. जेवण निवून गेलं तरी त्यांचं बोट पाण्यातच फिरत होतं. "नाहीच गं, सूनबाई. इतकं लहान असेल की छापायला विसरले."

पोलीस येऊन गेल्यापासून छिंगतावकर गप्प झाले. पेन्सिलला हात लावेनात. टॉवेलची गुंडाळी दाबत, पण नजर भिंतीकडे. आपण ते चित्र दाखवायलाच नको होतं, असं ताईंना सारखं वाटत राहिलं. भलं करायला जावं आणि ध चा मा होऊन बसावा, तसली गत.

मग त्यांनी ठरवलं की आज यांना दारापर्यंत चालवायचंच. वॉकर पुढे, मोडका पाय पुढे, त्यावर अर्धंच वजन, मग चांगला पाय. छिंगतावकर उठले. दोन पावलं टाकली. गुडघे थरथरत होते. धीर द्यायला ताईंना एकच गोष्ट सुचली, त्यांचं घर. त्या दाराकडे हात करून मोठ्यानं म्हणाल्या, "चला! ताव! ताव!"

छिंगतावकरांनी दचकून पायाखाली बघितलं, मग मागे, आणि वॉकर सोडून जवळची खुर्ची गच्च धरली. ताईंनी पाठीमागून त्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा खेचून धरला म्हणून बरं. दोघंही धापा टाकत खुर्चीपाशी उभे.

"अहो, काय झालं? ताव! तुमचं बेट!" आणि त्यांनी हवेत डोंगर आणि पक्षी काढून दाखवला.

छिंगतावकर बघत राहिले. मग कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते खुर्चीत टेकले, टेबलावरची पाण्याची बाटली त्यांनी उभी केली आणि बोटानं ढकलली. बाटली आडवी झाली. "ताव," ते म्हणाले. मग स्वतःच्या मांडीवर थाप मारून, हातानं शिडी चढून आणि धपकन खाली येऊन दाखवलं. "श्वायताव."

ताई खाली बसल्या. म्हणजे ते बेट नव्हतंच. इंजिनरूममधल्या शिडीवरून हा माणूस पडला होता, एवढंच! आणि आपण लटपटत्या पेशंटला "पडा! पडा!" म्हणून ओरडत होतो.

पण डोकं ताळ्यावर येतंय तोच पुन्हा घोळ झाला. परत उभे राहून छिंगतावकर दारापर्यंत खरोखर चालत गेले, चौकटीला हात लावला आणि विजयी वीरासारखे म्हणाले, "ताव!" ताईंनी घाबरून त्यांना दोन्ही हातांनी धरलं. ते पडत नव्हते. नुसते हसत होते.

दोनच दिवसांत एजंट दुभाषी बाईंना घेऊन उगवला. पोलिसांचं नाव ऐकून त्याला दुभाषी चटकन मिळाला होता. बाई घाईत होत्या, दुसरीकडे त्यांची शिकवणी होती. त्या छिंगतावकरांशी बोलू लागल्या, आणि इतके दिवस मुका असलेला माणूस धबधब्यासारखा वाहू लागला.

"दरोडा कसला?" बाई हसत सुटल्या. "मामा म्हणजे आई. ही ह्यांची आई आणि तिच्या मैत्रिणी. त्या गावात म्हाताऱ्या बायका समुद्रात पोहायला जातात तेव्हा ऊन लागू नये म्हणून तोंडावर कापडी टोपडं घालतात. आईची आठवण आली म्हणून काढलं त्यांनी. आणि तुम्ही पोलीस आणले."

सुपरवायझर पाठीमागून हळूच सटकले.

"आणि ती सलाईनची पिशवी?" सिस्टरांनी विचारलं.

"त्यांच्याकडे सुटी बिअर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून देतात. सायकलला लटकवून घरी न्यायची. पिशवी बघून त्यांना गावची आठवण झाली."

"अहो, पण बेट पण ताव, पडणं पण ताव, आणि दारापाशी तिसराच ताव," ताई काकुळतीला आल्या. "माणूस पडला की नाही, हे मी ओळखायचं कसं?"

"सोपं आहे. आवाज खाली जाऊन वर आला तर तो पडला. आवाज धाडकन खाली आला तर तो पोचला."

"खाली आला तर पोचला?"

"हो. आणि बेटाचा आवाज पडण्यासारखाच. ते संदर्भानं कळतं."

"आणि छिंग? नक्की हिरवा की काळा?"

बाईंनी घड्याळ बघितलं. "जसं असेल तसं. कोवळ्या पोरांनाही छिंगच म्हणतात," असं म्हणत त्यांनी पर्स उचलली. सगळं स्पष्ट झालं होतं, आणि ताईंना मघापेक्षाही कमी कळत होतं.

त्यानंतर छिंगतावकर झपाट्यानं सुधारले. जिना चढले, उतरले. ताई आता तोंड उघडण्याआधी आवाज वर न्यायचा की खाली, याचा विचार करत. तेवढ्यात ते पाऊल टाकून मोकळेही होत.

जायच्या दिवशी एजंटची गाडी उतारापाशी उभी होती. मावशींनी पिशवी ठेवली, सिस्टरांनी गोळ्या दिल्या. छिंगतावकर काठी टेकून ताईंसमोर उभे राहिले आणि एक लांबलचक वाक्य बोलले. शेवटी थांबले, वाट बघत. काहीतरी विचारलं होतं. ओळखीचा एकही शब्द त्यात नव्हता.

ताई गोंधळल्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हो, हो." आणि मानही जोरात हलली.

छिंगतावकरांचा चेहरा उजळला. त्यांनी ताईंचे दोन्ही हात धरून हलवले, काहीतरी पक्कं ठरल्यासारखी मान डोलवली आणि गाडीत बसले.

"काय म्हणाले हो ते?" ताईंनी एजंटला विचारलं.

"मला काय ठाऊक? हो तर तुम्ही म्हणालात," एजंट म्हणाला आणि दार लावून घेतलं.

ताईंनी दुभाषी बाईंना फोन लावला आणि आठवलं तसं वाक्य म्हणून दाखवलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा म्हणा." दुसऱ्यांदा ते पहिल्यासारखं आलं नाही, तिसऱ्यांदा आणखीच बदललं. "असं वाक्यच होत नाही," बाईंनी सांगितलं.

रात्रीच्या जेवणावर बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "त्याला घरी बोलावलंस की त्याच्या घरी जायला कबूल झालीस?"

"तेच कळत नाही ना, बाबा. आईला निरोपही असेल. नाहीतर नुसतं, 'बरी आहेस ना?'"

"हो म्हटल्यावर खूश झाला?"

"फार."

"मग वाईट काही नसणार," बाबा म्हणाले. पण जेवण झाल्यावर ताईंनी पाहिलं, तर ते हात पुसून पुन्हा नकाशावही काढत होते.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर नवा पेशंट होता, गुडघ्याचा. ताईंनी टॉवेलची गुंडाळी सरकवली, आणि ते वाक्य मनात अर्धं जुळून आलं. त्या ओठांतल्या ओठांत म्हणून बघू लागल्या. निम्म्यात निसटलं.

"काय म्हणालात?" पेशंटनं विचारलं.

"तुम्हाला नाही," ताई म्हणाल्या. "दाबा. अजून दाबा."