हिंगण्याच्या भट्टीच्या नाकावर दसऱ्याचा हार

मुकुंद माझं दार लाथेनं लावतो. हात रिकामे असले तरी लाथच. शिकलेला पोरगा, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि बुटाचं टोक माझ्या दारावर. खालच्या कोपऱ्यात पत्रा खोल गेलाय, तो त्याच्याच बुटानं. त्याच्या बापानं, मारोतरावांनी, माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. आणि हा म्हणतो, भट्टी म्हातारी झाली, भंगारात घालतो.

मित्रांनो, मीच ती जुनी भट्टी. नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये उभी आहे. भट्टी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जिलेबीवाल्याची, धूर ओकणारी भट्टी आली असेल, तर ती पुसून टाका. मी पोलादी कपाटासारखी आहे. दुहेरी भिंती, मधे काचेच्या लोकरीचा थर. उजव्या कुशीला जाळी आहे आणि जाळीमागे पंखा. पंखा बाहेरची हवा ओढतो, विजेची वेटोळी ती तापवतात, आणि ती गरम हवा माझ्या पोटात फिरून वरच्या धुराड्यातून निघून जाते. ती जाळी म्हणजे माझं नाक. एवढं लक्षात ठेवा.

मला देवराव मिस्त्रींनी घडवलं, सहासष्ट साली, कामठी रोडवरच्या त्यांच्या कारखान्यात. त्या वेळी मारोतराव विजेच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे. कोळशाच्या खाणींतून मोटारी यायच्या, तांब्याची तार काळीठिक्कर पडलेली. ते नवी तार गुंडाळायचे, तिच्यावर व्हार्निश चढवायचे आणि ते पक्कं करायला मोटार माझ्या पोटात ठेवायचे. त्यात माझी कधी चूक निघाली नाही. आल्यागेल्याला ते सांगायचे, "हे माही मोठी पोरगी हाये. हिच्या हातचं कच्चं राहात नाई."

दर दसऱ्याला त्यांची बायको कौशल्याबाई यायची. मला हळदकुंकू लावायची आणि दाराच्या कडीला झेंडूचा हार घालायची. एकदा घातलेला हार कोणी उतरवत नसे. तो आपोआप वाळून गळेपर्यंत तसाच राहू द्यायचा, अशी त्या घरची रीत. कौशल्याबाई माझ्यासारखीच. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत, पण तिच्यापुढे मोठे मोठे ठेकेदार टोपी काढून उभे राहायचे.

मारोतराव गेले आणि मुकुंद आला. पुण्याहून शिकून आला, आणि येताना डोक्यात कार्बनचा धागा घेऊन आला. पोलादापेक्षा हलका, ताण सोसायला खंबीर, तापलेल्या जागीही टिकणारा असा हा काळा धागा. वीजघरात पाण्याचे मोठे पंप असतात ना? पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथून पाणी गळू नये म्हणून एक दोरी ठासून भरतात. ती दोरी मुकुंद या धाग्याची विणणार होता. कल्पना वाईट नव्हती. मी म्हणते ते खरंच म्हणते.

धागा कसा होतो, तेही ऐका. पांढरं सूत आणायचं, स्वेटरचं असतं त्याच जातीचं. या कामासाठी मुद्दाम केलेलं सूत परदेशातून येतं, आणि ते आमच्यासारख्यांच्या हाती लागत नाही. मग मुकुंद मिळेल ते आणायचा. कधी जाड, कधी बारीक, कधी तेलकट. ते सूत रुळांवर ताणून माझ्या तोंडातून आत सोडायचं. माझ्या पोटात ते पिवळं होतं, मग मधासारखं, मग तपकिरी, मग काळं. मग ते माझ्या शेजारच्या धाकट्या भट्टीत जातं. ती नळीची आहे, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. तिच्यात हवा नावालाही चालत नाही, म्हणून सिलिंडरमधून नायट्रोजन सोडतात. दोघींतून निघेपर्यंत सुताचं वजन निम्म्यावर येतं. पाहुणे आले की त्या धाकटीची लाल नळी पाहून माना डोलावतात. माझ्याकडून कच्चं सूत गेलं तर तिच्या नळीत राख उरेल, हे त्यांना कोण सांगणार?

माझं काम खवा आटवण्यासारखं आहे. आच वाढवली की बुडाला लागलंच. त्यातून हे सूत मोठं खोडकर. एका मर्यादेपलीकडे ते स्वतःच्याच उष्णतेनं आणखी तापतं. ती उष्णता वाऱ्यानं उचलून नेली नाही, तर भडका. म्हणून सावकाश. मुकुंदनं स्वतःच प्रयोग करून तापमानाच्या बटणापाशी तांबडी रेघ मारली होती, तिच्यापुढे जायचं नाही म्हणून. ही रेघ तो पाळायचाही. गिऱ्हाईक येईपर्यंत.

पहिली दोरी खापरखेड्याच्या वीजघरात गेली आणि टिकली. तिथले गोपाळराव शेडमध्ये आले, खुर्ची झटकून बसले आणि म्हणाले, "मुकुंदराव, दोरी झकास आहे. दिवाळीच्या आत आठपट द्याल का?"

"देतो," मुकुंद म्हणाला.

"नक्की? कबूल करून बसाल. नाही जमलं तर मला दुसरीकडे पाहावं लागेल."

"देतो म्हणलं ना साहेब."

मला कोणी विचारलं नाही. त्यानंतर कागद कारखान्याचा माणूस आला, त्यालाही 'देतो'. रंगाच्या कारखान्याचा आला, त्यालाही 'देतो'. मागणी दाराशी रांग लावून उभी, आणि आत मी एकटी. वर विजेचे नखरे. चालता चालता वीज जायची. सूत पोटात अडकायचं. मग प्रेमिला धावत येऊन हाताच्या दांड्यानं रूळ फिरवत बसायची, नाहीतर सगळं करपलं असतं. प्रेमिला माझ्या तोंडाशी बसणारी, सूत लावणारी. तिच्यासोबत आणखी चौघीजणी होत्या. भट्टी बंद पडली की त्या पाचही घरांची चूल विचारात पडायची.

"प्रेमिला, काहून एवढं हळू चालून राहिलं?" मुकुंद ओरडायचा.

"भाऊ, मी काय ढकलू काय त्याले आत? भट्टी घेईन तेवढंच घेते थे."

"म्हातारी झाली हे भट्टी."

"म्हातारी माणसंच काम करून राहिली भाऊ, जवान त नुसते 'देतो' म्हणून राहिले," प्रेमिला सुताकडे पाहात म्हणाली. बाकीच्या चौघी तोंडाला पदर लावून हसल्या. मुकुंदनं माझं दार लाथेनं लावलं.

मग दसरा आला. आदल्या दिवशी प्रेमिला म्हणाली, "भाऊ, उद्या आमी साऱ्या दीक्षाभूमीवर. उद्या कोणी येणार नाई."

"साऱ्याच? एक तरी थांबा ना वं."

"माही सासू छप्पन साली तिथंच होती. तिच्यापुढं तुमीच येऊन सांगा, सून थांबते म्हणून."



दसऱ्याच्या सकाळी कौशल्याबाई आली. हळदकुंकू झालं, नारळ झाला. पण हार कुठे घालायचा? दाराच्या कडीसमोर आता सुताचे रूळ बसवलेले, हार त्यांत अडकला असता. तिनं उजव्या बाजूला पाहिलं. जाळीच्या वर एक खिळा होता. तिनं हार तिथे अडकवला. चांगला जाडजूड हार, मधे आपट्याची पानं. माझ्या नाकावर बरोबर. मला काय वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा. वर्षातून एकदा मिळणारा मान, आणि तो असा.

"आज मशीन चालवाची नाई," ती जाताना म्हणाली.

"हो माय," मुकुंद म्हणाला.

ती गेली. मुकुंद शेडच्या दारात उभा राहिला. वसाहतीतले सगळे कारखाने बंद. त्यामुळे त्या दिवशी वीज पुरी होती, दिवा डोळ्यांत खुपावा इतका लख्ख. अशी वीज हिंगण्याला वर्षातून एकदा मिळते. तो आत आला. सूत लावलेलंच होतं, गोपाळरावांच्या मालाचं सगळं सूत. त्यानं पंखा लावला, वेटोळी लावली, आणि बटण तांबड्या रेघेच्या पुढे नेलं.

मग त्याचं लक्ष हाराकडे गेलं. त्यानं हात पुढे केला. आणि मागे घेतला. इंजिनियर झाला, पण दसऱ्याचा ताजा हार उतरवायला हात धजावला नाही. एवढी मोठी ऑर्डर डोक्यावर, त्यात अपशकुन कशाला, असंच वाटलं असेल. माणूस मोठा गमतीचा. मशीन बंद ठेव, हे आईचं ऐकलं नाही, तिचा हार मात्र राखला.

पंख्यानं हार जाळीशी ओढून घेतला. झेंडू चपटा होऊन बसला, पानं छिद्रांत घुसली. माझा श्वास कोंडला. सूत पिवळं व्हायच्या जागी एकदम काळं पडू लागलं. मी धूर सोडला, पंखा घरघरला. मी अजून काय करणार होते? मला तोंड असतं तर साऱ्या हिंगण्याला ऐकू गेलं असतं. मुकुंद बाहेर मोटारसायकल पुसत होता. तो आला तेव्हा आत भडका झाला होता. त्यानं खटका पाडला, वाळूच्या बादल्या ओतल्या. गोपाळरावांच्या मालाचं सूत खाक. आणि मग लाथ. त्या दिवसाची लाथ सगळ्यांत जोराची होती.

तिसऱ्या दिवशी मुकुंदनं भंगारवाल्या भैयाजीला बोलावलं. हातगाडी घेऊन तो आला. प्रेमिलाही आली, आणि तिच्याकडून कळलं म्हणून कौशल्याबाई आली, रिक्षातून, तोंड आवळून.

भैयाजीनं माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि हात मागे बांधले. "मुकुंदभाऊ, ये मैं नाही उठवत."

"काहून? जड हाये म्हणून?"

"हार हाये ना. दसऱ्याचा हार घातलेली मशीन मैं गाडीवर नाही ठेवत. माझे बापबी नाही ठेवत होते. पहिले हार उतरवा."

"मग काढा ना तुमी."

"मैं काहून काढू? ज्यानं घातला तो काढेल."

सगळ्यांनी कौशल्याबाईकडे पाहिलं. ती पुढे झाली. हाराला हात घातला. हार निघेना. तिनं ओढला, दोरा तुटला, फुलं जाळीलाच चिकटून राहिली. तिनं नखांनी एकेक फूल सोडवलं. आतून करपलेली पानं निघाली, राखेसारखा चुरा निघाला. छिद्र न छिद्र बुजलेलं. प्रेमिलानं जवळ येऊन वाकून पाहिलं.

मुकुंदचा चेहरा उतरला. त्यानं नुसता पंखा लावला. फुर्रर्र करून हवा आत गेली, आणि शेजारी उभ्या कौशल्याबाईचा पदर सरळ जाळीकडे ओढला गेला. किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला.

मित्रांनो, मला हार नको असं मी म्हणत नाही. मानाची हौस मलाही आहे. पण हार घालण्याआधी पाहा, तो कुठे घालताय. आणि ज्याच्या जिवावर चारचौघांना शब्द देता, त्याला आधी विचारा की तुला झेपेल का. भट्टी बोलत नाही, पण तिची रेघ तुम्हीच मारलेली असते. ती तरी पाळा.

मुकुंद खाली मान घालून म्हणाला, "माय, तुह्याच हारानं..."

कौशल्याबाईनं पदर सोडवून घेतला. तिच्या मुठीत करपलेली फुलं होती. ती त्याच्याकडे वळली.

"हार म्या घातला, म्याच काढला. माहं झालं. आता तुहं. भट्टीत खोट नाई मुकुंदा, खोट तुह्या 'देतो'त हाये. भैयाजी, गाडी परत ने. तू त्या गोपाळरावाकडं जाय, अन् तोंडानं सांग का दिवाळीले जेवढं होईन तेवढंच भेटन, बाकीचं हे भट्टी देईन तवा. त्याले थांबाचं असन त थांबन. अन् जाच्या आधी हे दार लाव. पायानं नाई, हातानं. लाव, मी पाहून राहिली."